ज्याची थट्टा, त्याला आधी

माणसांची भर स्टेजवर अब्रू काढायची आणि तीही त्यांची परवानगी घेऊन, असा अजब कारभार करणारा माणूस अंबरनाथ ते बदलापूर दुसरा झाला नाही. तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लोक त्याला स्टँडअप कॉमेडियन म्हणत; मी रिकामटेकडा म्हणत असे, तोंडावर. त्याचा नियम एकच: ज्याची थट्टा करायची, त्याला ती आधी जाऊन ऐकवायची. उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्यावर त्याने दहा मिनिटांचं काहीतरी रचलं होतं. भर दुपारी दुकानात उभं राहून ते सगळं त्याने शेठला म्हणून दाखवलं. शेठ कापड मोजता मोजता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अच्छा है. बस, दुकान का पता भी बोल देना." माझ्यावरही एक विनोद होता. इस्त्री मोडेल म्हणून दाजी बायकोलासुद्धा जवळ घेत नाहीत, असा काहीतरी. मी साफ नकार दिला. त्याने माझ्यादेखत वहीतलं पान फाडलं आणि म्हणाला, "दाजी, चहा तरी पाजा." चहा मी पाजला.

हा नियम त्याने जन्मात एकदाच मोडला, तो बापाच्या बाबतीत. माझ्या सासऱ्यांनी पालेगावची भातशेती बिल्डरला दिली होती. तिथे सोसायटी उभी राहिली आणि घरात बसवेना म्हणून सासरे तिच्याच गेटवर वॉचमन झाले. हा स्टेजवरून म्हणाला, "पूर्वी शेतात कुणी शिरलं तर माझा बाप काठी घेऊन धावायचा. आता शिरतात, तर गेट उघडून सलाम करतो." हॉल हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग ते या फोनवरून त्या फोनवर गेलं आणि शेतकऱ्याचा अपमान झाला म्हणून माणसं खवळली. बदलापूरचा कार्यक्रम बंद पाडला, याच्या तोंडाला काळं फासलं, कॅमेऱ्यासमोर माफी माग म्हणाले. हा म्हणाला, "मागेन, पण बापाची. तुम्ही कोण?" कुणी त्याला वाघ म्हटलं, कुणी कुळबुडव्या. त्याला दोन्हीचं सोयरसुतक नव्हतं. पण सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि ते त्याला आतून खात होतं.

"अरे, त्यांनाच आधी का नाही ऐकवलंस?" मी विचारलं.

"बाबा हसले नसते तर, दाजी?"

भरल्या हॉलच्या शिव्या पचवणारा हा गडी बापाच्या न हसण्याला भ्यायला होता. मग तो दर रविवारी त्या गेटवर जाऊ लागला. सासरे परक्याला विचारावं तसं विचारत, "कोनाकडं जायचंय?" हा म्हणे, "वॉचमनकडे." "तो ड्युटीवर हाय." मग संध्याकाळपर्यंत हा बाहेर उभा. अख्खा हिवाळा हे चाललं. एका रविवारी मीही सोबत होतो, तेव्हा सासरे आपणहून बोलले.

"सलाम नाय करत मी. मावळतीचं ऊन डोल्यावर येतं, म्हनून हात धरतो."

"मग बाबा, सांगितलं का नाहीत?"

"तू इचारलंस कवा?"

तो तिथेच फुटपाथवर बसला. आधी हसला, मग रडला. सासऱ्यांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. परत येताना मला म्हणाला, पुढच्या कार्यक्रमात पहिलं वाक्य उन्हाचं.

पुढचा कार्यक्रम झालाच नाही. कावीळ अंगावर काढली आणि तीन आठवड्यांत गेला. अजून लोक त्याचं नाव काढून भांडतात, आणि तो सलामाचा विनोद तेवढा फिरत राहिलाय, चुकीचाच. मला मात्र वाटतं, माझ्यावरचं ते पान फाडू द्यायला नको होतं.

तो गेल्याचं सासऱ्यांना सांगायला मीच गेटवर गेलो होतो. सांगितलं. तेवढ्यात त्याला घरी नेणारी अँब्युलन्स समोरच्या रस्त्यावरून आली. सासरे खुर्चीतून उठले, हात कपाळाशी नेला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच धरला. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. ऊन नव्हतंच.