मीठ घातलेला बर्फ

दवनीवाड्याच्या शालीकराम तुरकरानं बायकोचं कपाळ जाळलं, आणि तेही बर्फानं. साल १९३४, वैशाख महिना. गावात ज्यानं ऐकलं त्याला ते खरं वाटेना. खुद्द शालीकरामालाही कितीतरी दिवस वाटलं नाही.

तो गोंदिया स्टेशनावर साहेब लोकांच्या खानावळीत कामाला होता. नागपूरहून गाडीनं बर्फाच्या लाद्या यायच्या. त्या फोडून लाकडी बादलीत भरायच्या, वरून जाडं मीठ टाकायचं आणि मधला पत्र्याचा डबा हँडलनं फिरवत राहायचं; घटकाभरात डब्यातलं दूध गोठायचं. सुरुवातीला त्याला मोठं नवल वाटलं होतं. मिठानं बर्फाचं पाणी होऊन राहिलं, मग दूध गोठते कसं? त्यानं खानसामा टेकचंदला विचारलं. टेकचंद म्हणाला, "नमक डालो तो और ठंडा. बस. हाथ चलाओ." शालीकरामानं तेवढंच डोक्यात ठेवलं.

त्या वैशाखात त्याच्या बायकोला, धनवंताला, मुदतीचा ताप आला. अकराव्या दिवशी ती बरळू लागली. दवाखान्याचे कंपाउंडर केशोराव घरी येऊन बघून गेले आणि म्हणाले, "ताप डोक्यात चढून राहिला. बर्फ मिळाला तर कपाळावर ठेवा."

बर्फ आणायला शालीकरामाइतका जवळचा माणूस दुसरा कोण? टेकचंदनं अर्धी लादी काढून दिली. ती भुशात आणि पोत्यात गुंडाळून तो पहाटेच खाचरात, छोट्या बैलगाडीत, बसून गोंदियाहून घरी निघाला. पण वैशाखाचं ऊन. वाटभर पोत्यातून पाणी ठिबकत राहिलं, आणि घरी येऊन पोतं सोडलं तर आत दोन मुठींएवढे खडे उरले होते.

"एवढ्यानं काय होते रे?" त्याची माय, जमुनाबाई, रडकुंडीला आली.

शालीकरामाला बादली आठवली. "माय, मीठ आन. मिठानं बर्फ लय थंडा होते. साहेबाचं दूध गोठते त्यानं."

त्यानं निम्मे खडे परत भुशात ठेवले, बाकीचे फोडले, मूठभर मीठ मिसळलं, लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली आणि धनवंताच्या कपाळावर धरली. ती शुद्धीवर नव्हती. एकदोनदा मान हलवली, एकदा हातानं पुरचुंडी ढकलली. शालीकरामानं तिचा हात हळूच बाजूला केला. त्याची स्वतःची बोटं ठणकायला लागली तेव्हा त्यानं पंचा दुमडून हाताखाली घेतला. सावध व्हायला तेवढंही पुरे होतं. पण त्याला उलट बरंच वाटलं, औषध लागू पडून राहिलं म्हणून.

चुलीवर भात उतू जाईपर्यंत त्यानं पुरचुंडी धरून ठेवली.

मग उचलली. खाली कपाळ नव्हतंच जणू. रुपयाएवढा पांढरा डाग होता, मेणासारखा. त्यानं बोट लावलं. लाकडाला लावावं तसं लागलं. दाबलं तरी खळगा पडेना.

"माय!" तो ओरडला. जमुनाबाई धावत आली, आणि तिनं डाग बघितला. "काय केलंस रे शालीक? जिवंत बाईचं मांस गोठवलंस?"

 शालीकरामाच्या हातात ती गळकी पुरचुंडी तशीच होती. गाडी जुंपायचंही त्याला सुचलं नाही. शेवटी त्याचा भाऊच केशोरावांना आणायला गेला.

केशोरावांनी कोमट पाण्याच्या घड्या ठेवल्या. डाग आधी लाल झाला, मग टरारून फोड आला. "बर्फात काय टाकलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मीठ."

 केशोराव रागावले नाहीत. भुशात उरलेल्या बर्फाचा चुरा त्यांनी पितळी वाटीत घेतला, मीठ घातलं, पाटावर चार थेंब पाणी सांडून वाटी त्यावर ठेवली आणि चमच्यानं ढवळत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "उचल वाटी."

शालीकरामानं वाटी उचलली, तर पाटही उचलला गेला. खालचं पाणी गोठून वाटी पाटाला चिकटली होती. आणि वाटीत मात्र मिठाचं पाणी हिंदकळत होतं.

"हे कसं जी?"

"साधं पाणी जिथं गोठते, तिथं मिठाचं पाणी गोठत नाही. त्याले त्याहून किती तरी जास्त थंडी लागते. मीठ पडलं की बर्फ वितळते, अन वितळायले ऊब लागते. ती कुठून घेईल? जवळ जे असेल त्यातून. इथं पाटावरच्या पाण्यातून घेतली. तिथं तुझ्या बायकोच्या अंगातून."

शालीकराम पाटाकडे बघत राहिला. चार वर्षं त्यानं ते हँडल फिरवलं होतं. बादलीत बोट बुडवून बघायचं कधी त्याच्या मनात आलं नव्हतं.

धनवंताचा ताप एकविसाव्या दिवशी उतरला. शुद्धीवर आल्यावर तिनं कपाळ चाचपलं, झालेलं सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मी हातानं ढकलून राहिली होती म्हनता. मंग काऊन नाही थांबले?"

"मले वाटलं, तू बरळून राहिली."

 रागात तिनं अबोला धरला असता तर त्याला सोसलं असतं. पण उठून कामाला लागल्यावर तिनं नेहमीसारखंच जेवायला वाढलं, आणि तो न जेवताच ताटावरून उठला.

फोड भरला. डाग राहिला, फिक्कट, कुंकवाच्या जागेहून थोडा वर. धनवंतानं तो पदराखाली कधी झाकला नाही. बायकांनी विचारलं की सांगायची, "बर्फानं जळलं." बायका हसायच्या, मग डागाला हात लावून बघायच्या.

शालीकराम नोकरीवर परत गेला. पुढं गोंदियात कुणाच्या घरी ताप आला आणि बर्फ न्यायला माणूस आला, की तो स्वतः सोबत निघायचा. त्या घरी आधी चुलीजवळची मिठाची बरणी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायचा, बर्फ दुहेरी कापडात बांधायचा, आणि रोग्यानं एकदा जरी हात हलवला तरी पुरचुंडी काढून घ्यायचा. घरची माणसं चिडायची. तो ऐकायचा नाही.