खंडेनवमीचं गाठोडं

माझी बायको शैलजा मूळची साताऱ्याची, चंदिगडात शाळेत शिकवायची. कुणी गप्प बसलेलं तिला बघवायचं नाही, आणि त्यापायी तिनं माझा जीव कितीदा टांगणीला लावलाय ते विचारू नका.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्यांची कामाची हत्यारं ती पाटावर मांडायची. माझा स्टेथोस्कोप, तिची कात्री, आणि गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या हरकीरतची ड्रॉइंगची पट्टी. तो इंजिनिअरिंग शिकत होता. पंजाबात अतिरेक्यांचे दिवस होते. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये गणवेशातली माणसं त्याच्या भावाला घेऊन गेली, तो परत आलाच नाही. तेव्हापासून शेजारीपाजारी हरकीरतशी बोलेनात. खोटं कशाला बोलू, मीही टाळायचो.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला शैलजानं नेहमीसारखी हाक मारली. तो खाली आला आणि पट्टीऐवजी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी पाटावर ठेवलं. टॉवेल सरकला. आत पिस्तूल होतं. शैलजानं त्यावर हळदकुंकू वाहिलं.

"पूजा का सामान है," ती म्हणाली. "कल दशहरे तक हाथ नहीं लगाना, बेटा."

पिस्तूल पाटावरच ठेवून तो वर गेला.

पोलिसांना कळवू या, मी म्हणालो. तर ती माझ्यावरच खेकसली, की याचीही भावासारखी गत करायची आहे का? दुपारी जेवणाचं ताट घेऊन ती वर गेली ती दोन तास खाली आलीच नाही. मी जिन्यात बसून राहिलो. काय झालं ते तिनं खाली आल्यावर सांगितलं. भावाचं प्रेतही मिळालं नव्हतं, आईनं अंथरूण धरलं होतं, आणि रोज फक्त गावाकडचे तिघे येऊन बसायचे, बदला घे म्हणायचे. तिनं नुसतं ऐकून घेतलं होतं.

संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. बस अडवून प्रवाशांवर गोळीबार, बंदूकधारी तिघे. आम्ही धावत वर गेलो. दार सताड उघडं, खोली रिकामी. शैलजा त्याला हाका मारत गच्चीभर फिरली. मग पाण्याच्या टाकीमागून हुंदका ऐकू आला. हरकीरत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"आंटीजी," तो म्हणाला, "चौथा मुझे होना था."

शैलजानं त्याला जवळ घेतलं. पण त्या तिघांकडे कधी कुणी ताट घेऊन गेलं होतं का, हा विचार मला अजून झोपू देत नाही.