चॅनल चारवरचं पोट

माझे दाजी टॉवर क्रेन चालवतात. मी खाली उभा राहून वॉकीटॉकीवर त्यांना "डावीकडे घ्या, अजून थोडं खाली" असं सांगतो, म्हणजे मी सिग्नलवाला. मी दाजी म्हणतो म्हणून साइटवरची दोनशे माणसंही त्यांना दाजीच म्हणतात. एवढ्या सगळ्यांच्या बहिणी त्यांच्या घरात कुठे मावतात, देव जाणे.

जमिनीवर दाजी अगदी साधा माणूस. बसमध्ये धक्के खातात, ताईपुढे मान वर करत नाहीत. पण दोनशे दहा पायऱ्यांची शिडी चढून त्या काचेच्या केबिनमध्ये बसले की राजा. दोन टन सळया अशा टेकवतात की खालची धूळही उठत नाही. मला त्यांचा अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांची बरीच टर उडवणार आहे.

तर या राजाच्या मोठ्या आतड्याला सूज आली. चिवट दुखणं, मधूनमधून डोकं वर काढणारं. कळ आली की आधी लोड खाली, मग दाजी खाली. आणि दोघांत लोड जास्त सुखात उतरायचा. दिवसातून चार-चार फेऱ्या व्हायला लागल्या. गच्चीवरचे लोक काँक्रीटची वाट बघत फावड्यावर हनुवटी टेकून बसायचे. शेवटी सेफ्टीसाहेब म्हणाले, "पंधरा दिवस बघतो. नाहीतर स्टोअरमध्ये बसून खिळ्यांचे खोके सांभाळा." मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गोळ्या चुकवायच्या नाहीत. खाण्यापिण्याने आजार जात नाही, पण त्रास कमी होतो. कोणाला काय बाधेल ते ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. तोंडात जाईल ते सगळं वेळेसकट लिहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बंद करा."

आता क्रेनवर दोन्ही हात लिव्हरवर, लिहिणार कोण? दाजींनी तोडगा काढला. ते वरून वॉकीटॉकीवर सांगणार, मी खाली वहीत उतरवणार. फक्त चॅनल चार आख्ख्या साइटवर ऐकू जातो, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"साडेदहा. भात, एक अंडं. ओव्हर."

"अकरा वीस. पोटात गुरगुर. ओव्हर."

लगेच सातव्या मजल्यावरून प्लंबर, "बारीक की मोठी? ओव्हर."

झालं! ज्याला त्याला कंठ फुटला. सुतार म्हणाला दूध सोडा, वेल्डर म्हणाला कोबी सोडा. प्लंबरचं म्हणणं, पाइपातला विषय आहे, इतरांनी तोंड घालू नये. दाजी तर इतके घाबरले की सगळंच सोडून नुसत्या पाण्यावर राहायला निघाले. मी दटावलं, "दाजी, एका वेळी एकच!" मग तीन दिवस दूध बंद, तीन दिवस कोबी, तीन दिवस मिरची. मिरची सोडल्यावर जरा बरं वाटलं, पण तेवढंच. बाराव्या दिवशी पुन्हा चार फेऱ्या.

तेराव्या दिवशी मी माझी दुसरी वही भरत होतो. क्रेनवरून जे काही खाली पडेल ते लिहून ठेवायचं, असा साइटचा नियम आहे. बोल्ट असो की हातमोजा. पानं उलटता उलटता नजर अडकली. चांदीचे कागद, अकरा. चांदीचे कागद, दोन. शेजारी पोटाची वही ठेवली. अकरा कागदांच्या दिवशी चार फेऱ्या, दोनच्या दिवशी एकही नाही.

"दाजी, वर चांदीच्या कागदातलं काय खाताय? ओव्हर."

"त्या होय? पेपरमिंटच्या गोळ्या. बिनसाखरेच्या. काम नसलं की चघळतो. ते काय खाणं आहे का? ओव्हर."

चॅनल चारवर जो गिल्ला झाला, तो मी लिहू शकत नाही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर कपाळाला हात लावला असावा, कारण टप् असा आवाज आला. बिनसाखरेच्या गोळ्यांत गोडीसाठी जे घालतात, ते पुष्कळांच्या पोटाला सोसत नाही, जुलाब होतात, म्हणाल्या. आणि त्या गोळ्या द्यायचं कोण? ताई! दाजींची सिगारेट सुटावी म्हणून दर आठवड्याला डबी भरून. बिचारी रडलीच. "मीच यांना खाली आणत होते," म्हणाली.

पंधराव्या दिवशी लिफ्टची मोटर गच्चीवर चढवायची होती. एकदा उचलली की जागेवर बसेपर्यंत खाली ठेवता येत नाही, आणि फिटर लोक तासभर बोटबोटभर सरकवत बसतात. सेफ्टीसाहेब हाताची घडी घालून उभे. ताई जेवणाचा डबा घेऊन आलेली, डोक्यावर डोळ्यांपर्यंत घसरणारं हेल्मेट.

चाळीस मिनिटं झाली. मोटर हवेत. आणि वॉकीटॉकी खरखरला.

"पोटात गुरगुर. ओव्हर."

साइटवर हातोडीचा एक आवाज नाही. ताईने माझा दंड असा धरला की वळ उठले. प्लंबरनेसुद्धा काही विचारलं नाही.

"भुकेची आहे," दाजी म्हणाले. "ओव्हर."

दोनशे माणसं एकदम हसली. वीस मिनिटांनी मोटर जागेवर बसली. सेफ्टीसाहेबांनी घडी सोडली आणि मला म्हणाले, "सोमवारी वेळेवर या म्हणावं वर." ताईने माझ्या हातातून वॉकीटॉकी हिसकावून घेतला.

"अहो, डबा आणलाय. भात आणि उकडलेला बटाटा. या आता."

आजार काही गेलेला नाही. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू आहेत आणि वहीही. पण त्या दिवशी दोनशे दहा पायऱ्या दाजी सावकाश, एकेक करत उतरले.