तिने मला शोधायला हवं

"काल कोण कोण आलं गो?"

आमच्या ऑफिसचा दरवाजा ढकलून मावशी आत आल्या की चपला काढता काढता हाच प्रश्न. नवख्याला वाटावं, काल यांच्या घरी पूजा होती. पण त्या विचारत असायच्या त्यांच्या वेबसाइटबद्दल.

दादरला फुलबाजाराच्या मागे आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. साड्यांची दुकानं, केटरर, डेकोरेटर यांच्या वेबसाइट आम्ही सांभाळतो. सर्च इंजिनमध्ये त्यांची पानं वर कशी दिसतील, येणारे कसे वाढतील, हे बघणं माझं काम. या येणाऱ्यांना आमच्यात ट्रॅफिक म्हणतात. मावशींना तो शब्द पटायचा नाही. "ट्रॅफिक लालबागच्या पुलाखाली. आपल्याकडे येतात ती माणसं."

मावशी माझगावच्या गोदीत टायपिस्ट होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कीबोर्डवर त्यांचं बोट असं आपटायचं की शेजारच्या टेबलावरचा चहा हलायचा. काळाचौकीची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता. त्यात बाराव्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. चाळीबद्दल, तिथल्या गणपतीबद्दल, घराघरांतल्या जेवणाबद्दल त्या लिहीत. लिहिलेलं पेन ड्राइव्हवर घालून पर्समधून आणत आणि मी ते वेबसाइटवर चढवत असे.

आता तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हात रिकामे झाले की जुन्या आठवणी लिहायला बसतात. मीही मावशींना त्यांच्यातच धरलं होतं.

त्यांचं कुळथाच्या पिठीचं पान एकदम चाललं. परदेशातूनसुद्धा लोक येऊ लागले. मी उत्साहाने त्यांना आकडे दाखवले. मावशींनी चष्मा वर केला, स्क्रीनकडे बघितलं आणि खट्टू झाल्या. "हे सगळे पिठी खाऊन चालते झाले. बसायला कोणीच थांबलं नाही."

"मावशी, एवढी माणसं यायला लोक वर्षानुवर्षं धडपडतात."

"मला एवढी नकोत गो. मला एक हवी."

तेव्हा पहिल्यांदा त्या बेबीबद्दल बोलल्या. चाळीत दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. शाळा एक, वेणीची रिबीन एक. बेबीचं लग्न लवकर झालं आणि ती गुजरातेत कुठेतरी गेली. सुरुवातीला पत्रं आली. मग बेबीचे आईवडील गावाला गेले, तिथेच वारले, आणि धागा तुटला.

"मग तिलाच शोधू ना," मी म्हटलं.

"कशी? आडनाव बदललं, पत्रं चाळ पाडताना हरवली. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, ते मला आठवत नाही. आणि बेबी टाकलं तर तुझ्या त्या इंजिनात दुपटी आणि दुधाच्या बाटल्या येतात." त्या हसल्या. "मी तिला शोधू शकत नाही. तिने मला शोधायला हवं."

त्यानंतर त्यांनी एक नवं पान लिहून आणलं. मथळा होता 'खुरखुंडी'. भाताच्या टोपाला बुडाशी लागलेली खरवड, त्यात गूळ आणि ओलं खोबरं घालून वळलेला गोळा. उलथन्याने टोप खरवडताना जो आवाज येतो, त्यावरून दोघींनी लहानपणी ठेवलेलं नाव. साऱ्या जगात हा शब्द दोनच माणसांना ठाऊक.

"मावशी, मथळा तरी 'भाताचे लाडू' करू या. हा शब्द कोणी शोधत नाही."

"दुसरं कोणी शोधायला नकोच आहे."

मी मथळा तसाच ठेवला. फक्त पानावर तो शब्द इंग्रजी अक्षरांतही घातला, दोनतीन स्पेलिंगं करून. हल्लीची मुलं मराठी तशीच टाइप करतात. मावशींनी मान हलवली. "घाल. तिच्या नातवंडांपैकी कोणीतरी टाइप करेल."

पुढे बराच काळ त्या पानावर कोणीही फिरकलं नाही. मावशी यायच्या, विचारायच्या, मी नकारार्थी मान हलवायची. मग त्या दुसरंच काहीतरी बोलायच्या, माटुंग्याच्या बाजारातल्या भाजीबद्दल वगैरे.

एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. वेबसाइटवर आमचाच नंबर होता. पलीकडे बडोद्याची एक बाई, बोलण्यात गुजराती हेल.

"ते खुरखुंडी म्हणजे नक्की कसं करायचं? माझ्या सासूबाईंना आता काही आठवत नाही. आम्हालाही ओळखत नाहीत. पण आठवडाभर तेवढंच मागतात. मुलीने मोबाइलवर शोधलं, तर एकच पान आलं. तुमचं."

"सासूबाईंचं माहेर कुठलं?" मी विचारलं.

"मुंबई. काळाचौकी."

मावशींना कळवलं तेव्हा त्यांनी आधी बडोद्याचा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाल्या, "ओलं खोबरं तिकडे चांगलं मिळत नाही. मी नेते."

परत आल्या त्या थेट ऑफिसात. बॅग दाराशीच ठेवली.

"ओळखलं?"

"नाही गो." त्या खुर्चीवर टेकल्या. "तिच्या गॅसवर भात लावला, मुद्दाम लागू दिला. गोळा वळून तिच्या हातात दिला. अर्धा खाल्लान. उरलेला मला परत दिलान आणि म्हणाली, हा भिंतीपलीकडे द्या हं, ती वाट बघत असेल." मावशींनी पदराने डोळे पुसले. "मी समोर बसलेय, आणि ती माझा वाटा काढून ठेवतेय."

काही महिन्यांनी मावशींनी टॉवरमधली खोली बंद केली आणि त्या बडोद्याला गेल्या. बेबीच्या घराजवळ एक खोली घेतली. रोज दुपारी जाऊन बसत. फोनवर मला सांगायच्या, "ती मला माझ्याच गोष्टी सांगते. मी म्हणते, पुढे काय झालं? अगं, कित्येक मीच विसरले होते."

गेल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. बेबीताईंच्या सुनेने कळवलं. मी विचारलं, बेबीताईंना सांगितलंत का?

"काय सांगणार? आईंसाठी मावशी म्हणजे रोज येणाऱ्या कोणी बाई होत्या. पण दुपार झाली तशा आई दाराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ती बाई आज का नाही आली? मला तिला माझ्या मैत्रिणीचं सांगायचं होतं."

"मग?"

"मी हातातलं काम टाकलं," सून म्हणाली, "आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, आई, मला सांगा."