कापसाची आई

"बाई, ओरडू नका. ही लूमची शेड नव्हे. इथं माणसांना ऐकू येतं."

सरांच्या या बोलण्यावर हॉल हसला. शेजारची कॉलेजची मुलगी तेवढी हसली नाही, कारण ती मोबाईल बघत होती. मी कागद हातात धरून उभी. कवितेची पहिली ओळसुद्धा पुरी झाली नव्हती.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी काव्यलेखनाचं शिबिर चालायचं. शिकवणारे सर निवृत्त प्राध्यापक. मी इचलकरंजीहून एसटीने जायची. आता माझं परकर शिवायचं छोटं युनिट आहे. त्याआधी बरीच वर्षं आईबरोबर यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या. मागांच्या खडखडाटात तिथं बोललेलं ऐकू येत नाही. एकतर ओरडायचं, नाहीतर समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचं. माझा आवाज तिथलाच. आईचे कान तिथंच गेले.

सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, यमक, अनुप्रास. मी सगळं उतरवून घेतलं. त्या शब्दांशी माझं काही भांडण नाही. मी शिकायलाच गेले होते.

आवाज खाली आणून मी वाचलं:

शिफ्ट सुटली की आई
कापसाची होऊन यायची.
आम्ही तिला दारातच झटकायचो.

"आई कापसाची?" सर म्हणाले. "रूपक करायला गेलात, पण जमलं नाही. रूपकात सौंदर्य लागतं. आईला झटकतात का कुणी?"

"सर, ते रूपक न्हाय. तसंच व्हायचं. केसात, भुवयांवर, पापण्यांवर सगळा कापूस. घरात पडू नये म्हणून आम्ही तिच्याच पदरानं झटकायचो."

"मग ती बातमी झाली, बाई. कविता कुठाय?"

पुन्हा हशा. पुढच्या रविवारी त्यांनी माझी कविता 'सुधारून', टाईप करून हातात दिली. समारोपाला हीच वाचायची आणि शिबिराच्या पुस्तकात हीच छापायची, असं बजावलं.

आई येई घरी, जणू शुभ्र चांदणे,
अंगणी सांडती मायेचे नांदणे.

यमक जुळलं होतं. उत्प्रेक्षा होती. आम्हाला अंगण नव्हतं. दार उघडलं की गटार.

तरी मी पाठ करायला घेतली. पुस्तकात नाव येणार होतं. ते मला हवं होतं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी आई भाजी निवडत होती. तिच्यासमोर बसून मी सरांच्या ओळी म्हटल्या. ती माझ्या ओठांकडं बघत राहिली. शेवटपर्यंत. मग हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"कुणाच्या आईचं सांगाय लागलीस गं?"

मी टाईप केलेला कागद खाली ठेवला.

"चांगली दिसती की बाई," ती म्हणाली. "खोकत न्हाय वाटतं ती."

आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

समारोपाला मी आईला घेऊन गेले. पहिल्या रांगेत बसवली, तिला माझे ओठ दिसतील अशी. नाव पुकारल्यावर माईकसमोर गेले. टाईप केलेला कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "शिफ्ट सुटली की आई कापसाची होऊन यायची."

सरांनी व्यासपीठावरूनच हात वर केला. "बाई सुधारलेली प्रत घरी विसरल्या वाटतं."

"न्हाय सर. आणलीया. वाचणार न्हाय."

"मग पुस्तकात घेता येणार नाही."

"नका घेऊ."

या वेळी हॉल हसला नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. माईक मी बाजूला सरकवला आणि माझ्या शेडच्या आवाजात तिन्ही ओळी पहिल्यापासून म्हटल्या. आई नजर न हलवता बघत होती. शेवटच्या ओळीला तिने एकदाच मान हलवली, कांडी नीट भरली की हलवायची तशी.

पुस्तक निघालं. माझी कविता त्यात नाही. सर भेटले तर मान फिरवतात.

पुढच्या शिबिराला मी पुन्हा नाव घातलंय. वृत्तं शिकायची राहिलीत. ती शिकणार आहे, फळ्यावरचा शब्द न् शब्द उतरवून घेणार आहे. पण माझ्या आईला कशाची उपमा द्यायची, की काहीच द्यायची नाही, हे मी ठरवणार. आणि वाचणार ते ह्याच आवाजात. ज्यांना ऐकू येतं त्यांनी कानावर हात ठेवावेत.