अकरा बेचाळीसची अटक

त्या केसचा विषय निघाला की आजही माझे कान तापतात. राग आधी स्वतःचा येतो, मग बाकीच्यांचा. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंच विसरलोही. या केसमध्ये रक्ताचा एक थेंब सांडला नव्हता, तरी ती विसरता येत नाही.

दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं होती. नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. शहरात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. आमच्या ठाण्यात मात्र एकच कॉम्प्युटर होता. त्यावर प्लास्टिकचं कव्हर असायचं आणि कव्हरवर हवालदारांच्या टोप्या. इंटरनेटवरचे गुन्हे कसे तपासायचे याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मला मिळालं होतं. तेवढ्या भांडवलावर मी ठाण्यातला तज्ज्ञ ठरलो होतो.

त्याच सुमारास एका वर्तमानपत्रानं आपली वेबसाइट काढली. बातमीखाली वाचकांनी आपलं मत लिहावं अशी सोय केली. लोकांना तेवढंच हवं होतं. मोबाईलचे दर, कांद्याची निर्यात, नवे मॉल, दिंडोरीकडचे दारूचे कारखाने, कशावरही मतं पडायची. त्या गर्दीत ‘गंगेवरचा’ या नावानं लिहिणारा एक जण होता. गोदावरीला गंगा म्हणणारा, म्हणजे अस्सल नाशिककर, एवढंच त्याच्याबद्दल कळत होतं. तो रोज लिहायचा. भाषा तिखट, पण कधी शिवीगाळ नाही. ठाण्यात आमच्यातलेही दोघं-तिघं त्याचं वाचायचे.

एक दिवस औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे संचालक तक्रार घेऊन आले. त्यांनी द्राक्षबागायतदारांसाठी एक यंत्र बाजारात आणलं होतं. बागेत खांबावर बसवायचं, ते तापमान आणि ओलावा मोजणार आणि फवारणी कधी करायची ते सांगणार. वर्तमानपत्रात त्याचं अर्धं पान कौतुक छापून आलं. त्याखाली ‘गंगेवरचा’नं लिहिलं होतं की यंत्राचे आकडे खोटे आहेत, यावर विसंबून फवारणी केली तर बागा जातील. शेवटी एक ओळ होती : ‘हे यंत्र विकणाऱ्याला भर उन्हात बागेत उभं करा, यंत्र त्याच्याच गळ्यात बांधा, मग कळेल तापमान किती आहे ते.’

“ये धमकी है,” संचालक म्हणाले. “आज गळ्यात यंत्र बांधतील, उद्या दोरी बांधतील.”

मी त्यांना सांगितलं, ही फार तर बदनामी आहे, म्हणजे अदखलपात्र. तुम्ही कोर्टात जा. ते शांतपणे उठले आणि ठाण्याबाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावला. अर्ध्या तासात आमच्या मोठ्या साहेबांचा मला फोन. जिवे मारण्याच्या धमकीचं कलम लावा आणि दोन दिवसांत आरोपी हजर करा. ज्या ओळीला वाचून मी स्वतः हसलो होतो, तिच्यावर मी गुन्हा दाखल केला. माझी पहिली चूक ती, आणि ती अज्ञानातून झालेली नव्हती.

वर्तमानपत्राच्या कचेरीला पत्र दिलं. त्यांनी आपल्या परदेशातल्या कॉम्प्युटर कंपनीकडून माहिती मागवून एक छापील कागद पाठवला. त्यावर तारीख, वेळ अकरा बेचाळीस, पुढे तीन इंग्रजी अक्षरं आणि एक लांबलचक नंबर. नंबरावरून टेलिफोन खात्यानं कॅफे शोधून दिला. कॉलेज रोडच्या मागचा सहा मशिनांचा छोटा कॅफे. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, वेळ आणि सही रजिस्टरमध्ये घ्यायची सक्ती आम्हीच केलेली होती. कॅफेच्या मालकानं रजिस्टर काढून दिलं. त्या तारखेला सकाळी अकरा बेचाळीसला तिघं जण बसलेले होते. दोन कॉलेजच्या मुली आणि एक तेवीस वर्षांचा तरुण. पत्त्यात आदिवासी मुलांच्या वसतिगृहाचं नाव, मूळ गाव सुरगाणा तालुक्यातला एक पाडा.

माझे हवालदार म्हणाले, “साहेब, मुली चांगल्या घरच्या दिसतात. हाच असणार. ती तिकडची माणसं कायम मोर्चात असतात.”

या बोलण्याला मी तपास म्हटलं. मुलींकडे साधी चौकशीही केली नाही. ‘गंगेवरचा’ची चाळीसेक मतं त्या वेबसाइटवर होती. त्यातल्या बाकीच्या मतांच्या वेळा मागवून रजिस्टरशी ताडून पाहाव्यात, हे शिकाऊ शिपायालाही सुचलं असतं. आम्ही एकच वेळ जुळवली आणि गाडी काढली.

पोरगा वसतिगृहाच्या ओट्यावर शर्टाला इस्त्री करत होता. त्याची शिक्षक म्हणून निवड झाली होती. त्या दिवशी तो कॅफेत निवड यादी पाहायला आणि तिचा कागद काढून घ्यायला गेला होता. यादीत नाव होतं. पुढच्या आठवड्यात कागदपत्रं तपासायची होती आणि महिन्याच्या आत पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची होती. ही पडताळणी करणारं ठाणं आमचंच.

“साहेब, मी नाय लिवलं काही,” ठाण्यात आणल्यावर तो सांगत होता. “मी यादी बघाया गेलतो. द्राक्षाचं मला काय ठाव? आमच्याकडं नागली होते, भात होतो.”

हवालदारांनी त्याच्या कानाखाली एक वाजवली. त्या वेळी मी खिडकीतून आवारातल्या जप्तीच्या मोटारसायकली पाहत होतो. पाहत होतो म्हणजे पाहण्याचं सोंग करत होतो.

मग मला एक कल्पना सुचली. कॉम्प्युटरवरचं कव्हर काढायला लावलं आणि त्याला म्हटलं, ‘गंगेवरचा’नं लिहिलंय ते परिच्छेदभर लिहून दाखव. परिच्छेद राहिला बाजूला, एकेक बटण शोधत स्वतःचं नाव आणि गाव लिहायलाच त्यानं अकरा मिनिटं घेतली. तिथंच केस संपायला हवी होती. पण हवालदार म्हणाले, “नाटक करतोय, साहेब,” आणि मोठ्या साहेबांचे तोवर तीन फोन येऊन गेले होते. स्टेशन डायरीत अटकेची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टानं तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

त्याचे वडील गावाहून आले. दिवसभर ठाण्याच्या पायरीशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. “माझं पोर कोणाशी भांडाया पण नाय जात, साहेब,” एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हणालो, “कोर्टात काय ते ठरेल.” पोलिसांना माणसाच्या डोळ्यांत पाहायचं नसलं की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

त्याच वर्तमानपत्रानं बातमी छापली. पोराचं पूर्ण नाव, गाव, ‘उद्योजकाला धमकी देणारा गजाआड’. वेबसाइटवर तिच्याखाली मतांचा पाऊस. ‘फुकट शिकवलं म्हणून माजले.’ ‘सवलती बंद करा.’ ‘असल्याला भर चौकात फोडून काढा.’ ‘वसतिगृहच पेटवा.’ लिहिणारे सगळे टोपणनावांचे. कुणाचं नाव देशभक्त, कुणाचं सज्जन. वसतिगृहात दोनशे मुलं झोपत होती हो! ही धमकी नव्हे तर काय होतं? पण तिच्याविरुद्ध फिर्याद द्यायला ठाण्यात कुणी आलं नाही, आणि मोठ्या साहेबांचा फोनही आला नाही.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी त्याच बातमीखाली एक मत पडलं. लिहिणाऱ्याचं नाव ‘गंगेवरचा’. ‘पोलिसांनी निरपराध मुलाला डांबलं आहे. ते मी लिहिलं होतं. काल सकाळी ठाण्यात फोन करून सांगितलं, तर फोन आपटला गेला. मी रोज पाच वाजता त्याच कॅफेत असतो. ज्याला यायचं त्यानं यावं.’

मी स्टेशन डायरी उघडली. ठाणे अंमलदाराच्या सुवाच्य अक्षरात नोंद होती : ‘एक वृद्ध इसम फोनवर आपणच लेखक असल्याचे सांगतो. भ्रमिष्ट वाटतो.’ डायरी लिहायची असते, वाचायची नसते, असा आमच्याकडे दंडकच होता.

छापील कागद खिशात घालून मी तडक कॅफेत गेलो. मालकाला म्हटलं, अकरा बेचाळीसला हा पोरगा बसला होता की नाही? त्यानं पहिल्यांदाच तो कागद नीट पाहिला आणि डोक्याला हात लावला.

“साहेब, पुढं जीएमटी लिहिलंय ना! ही विलायतेतली वेळ. आपले साडेपाच तास मिळवा.”

अकरा बेचाळीस आणि साडेपाच. संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं. त्या तीन अक्षरांना मी कसला तरी कोड समजलो होतो. प्रशिक्षणात ते सांगितलं असेल, तर मी तेव्हा जेवणाची वाट पाहत असेन. रजिस्टरमध्ये पाच ते सहा या वेळेत एक नाव होतं. पूर्ण नाव, पंचवटीतला घर क्रमांक, टेलिफोन नंबर, वळणदार सही. त्या दिवशी होतं, आदल्या दिवशी होतं, गेलं वर्षभर रोज होतं. ज्याला आम्ही अज्ञात आरोपी म्हणत होतो, तो माणूस रोज सही करत होता.

पाचला ते आले. वय एकाहत्तर, हातात कापडी पिशवी. शेतकी खात्याच्या वेधशाळेत त्यांनी उभी हयात तापमानाच्या नोंदी घेण्यात घालवली होती. मी गणवेशात उभा, तरी त्यांनी आधी रजिस्टरमध्ये सही केली.

“गंगेवरचा तुम्हीच का, आजोबा?”

“मीच. आणि त्या पोराला धरणारे ते तुम्ही? अहो, विचारायला आला असतात तर चहा पाजून कबूल केलं असतं! मी काय लपून बसलो होतो?”

पिशवीतून त्यांनी वही काढली. पुतण्याच्या दिंडोरीतल्या बागेत त्या यंत्राशेजारी स्वतःचा थर्मामीटर टांगून तीन आठवडे सकाळ-दुपार नोंदी घेतल्या होत्या. यंत्र रोज चुकत होतं, कधी तीन अंशांनी, कधी पाच. “लिहिलंय ते खरं आहे. चला, मला अटक करा. पण आधी त्याला सोडा.”

मोठ्या साहेबांनी खरोखरच अटक करायला सांगितलं. पण वहीची गोष्ट संचालकांच्या कानावर गेली आणि त्यांचा सूर बदलला. ठाण्यात येऊन माझ्यासमोर चहा पीत म्हणाले, “जाऊ द्या, वयस्कर माणूस आहे. मला केस चालवायची नाही. समजुतीनं मिटवू.” ती वही कोर्टात यायला नको होती, दुसरं काय! त्यांच्यासाठी तेवढ्यात मिटलं. पोराला आम्ही कलम १६९ चा अहवाल देऊन सोडलं. त्या पद्धतीच्या अहवालात ठरलेलं वाक्य असतं, ‘पुराव्याअभावी’. म्हणजे केलं असेल, पण आम्हाला सापडलं नाही.

पंधरा दिवसांनी तो चारित्र्य पडताळणीचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. त्यात एक रकाना होता, ‘यापूर्वी कधी अटक झाली आहे काय?’

“साहेब, इथं काय लिवू?”

नाही लिहिलं तर खोटी माहिती म्हणून नोकरी जाणार, हो लिहिलं तर हो म्हणून जाणार. मोठ्या साहेबांचा सल्ला होता, ‘अटक, पुराव्याअभावी मुक्त’ एवढंच लिहा, तुमच्यावर काही येणार नाही. मी त्याला ‘होय’ लिहायला सांगितलं आणि खाली माझ्या अभिप्रायात लिहिलं : ‘सदर इसमाची अटक ही माझ्या तपासातील चूक होती. वेळेचे रूपांतर न करता चुकीच्या व्यक्तीस ताब्यात घेतले. त्याचा गुन्ह्याशी कोणताही संबंध नाही.’ खाली सही, हुद्दा, शिक्का. त्याबद्दल मला खुलासा मागितला गेला, पुढे ठपकाही आला. ज्या दिवशी खिडकीबाहेर पाहत होतो, त्या दिवसाबद्दल मात्र मला कुणीही काही विचारलं नाही.

त्याच्या कागदांवर कचेरीनं आठ महिने निर्णय घेतला नाही. शेवटी नोकरी मिळाली, पण त्याच्याबरोबर निवडले गेलेले सगळे त्याला सेवाज्येष्ठतेत वरचढ झाले. आता तो पेठकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक आहे. आम्हा पोलिसांना वाटतं, आरोपी सोडला की तो पूर्वीसारखा घरी जातो. तसं होत नाही. अटक करायला आम्ही चार जण गेलो होतो, गावभर बोभाटा झाला. सुटका झाली तेव्हा तो एकटाच पायऱ्या उतरला. हे मला त्या केसनं शिकवलं, आणि त्यानंतर वरून कितीही फोन आले तरी माझी खात्री झाल्याशिवाय मी एकालाही हात लावला नाही. पण त्याचा त्या पोराला काय उपयोग?

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. मी निवृत्त झाल्यापासून तो मला सर म्हणतो.

“सर, शाळेतल्या पोरांनी मोबाईलवर माझं नाव टाकलं. ती बातमी अजून हाय. खालचं सगळं पण हाय, पेटवा म्हणणारे आणि सगळे.”

वेबसाइटवाल्यांना मी त्या काळी दोन पत्रं दिली होती. त्यांनी सुटकेची बातमी छापली नव्हती, जुनी काढलीही नव्हती.

“मग तुम्ही काय सांगितलं पोरांना?”

“खरं ते सांगितलं. पकडलं होतं म्हटलं. पोरं म्हणाली, सर, मग तुम्ही सुटल्याचं दाखवा,” तो म्हणाला. “मी लय शोधलं, सर. ते कुठं लिवलेलंच नाय.”

नाव देऊ नका, असं त्यानंच सांगितलं आहे. म्हणून दिलेलं नाही. पण तो निर्दोष होता, मी त्याला चुकीनं धरलं, आणि त्याला सोडलं तेव्हा त्याची माफीही मागितली नाही. आज हे लिहून इथं मागतो आहे. पोरांनो, हा कागद मी सही करून तुमच्या सरांकडे पाठवतो आहे, तो त्यांच्याकडून मागून घ्या आणि वाचा.