कॅसेटमधलं रडणं

मित्रांनो, सायबर कॅफेतून लिहितोय. आज सकाळी नवीन पनवेलच्या हॉलमध्ये आमच्या बँडची जॅझ-सोल संगीताची कॅसेट पाहुण्यांना ऐकवली. सगळी गाणी पाडलेल्या झोपड्यांवर आहेत. शेवटच्या गाण्यात माझ्या सॅक्सोफोनमागे वीटभट्टीवरच्या बारकीबाईचं रडणं ऐकू येतं. तिची झोपडी पाडत होते तेव्हा मीच ते टेप केलं होतं.

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतली बारकीबाई माझ्याकडे वळली.

"मी रडत व्हते तवा तू टेप धरून उभा व्हतास?"

मी होकारार्थी मान हलवली. ती उठून गेली.

आमची गायिका मीनल हळूच म्हणाली, "तेवढं काढून टाकूया."

"नको," मी म्हणालो. "लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडलंय."

उद्या कॅसेट दुकानांत जाईल. तुम्ही असतात तर ते रडणं काढलं असतंत?